शिक्का 710 चा, आत पॉपलर: प्लायमध्ये माझे 59,100 रुपये कसे गेले

18 एमएमच्या नऊ शीट, 12 एमएमच्या चार आणि 6 एमएमच्या दोन. एप्रिलच्या शेवटी घरात आलेल्या या पंधरा शीटांपैकी आज एकही धड नाही. बाल्कनीतलं बाकडं जूनच्या दुसऱ्या पावसात फुगलं. लेकीच्या वरच्या पलंगाची पट्टी जुलैत मोडली. सासूबाईंच्या कपाटाच्या मागच्या फळीला हात लावला की पीठ पडतं. सगळं मिळून 59,100 रुपये गेले. लाज वाटत होती म्हणून तीन महिने हे उघडपणे कुठे मांडलं नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या इमारतीतल्या मैत्रिणीने प्लायच्या जाहिरातीचा, मला फसवलं तसलाच व्हिडिओ पाठवला आणि विचारलं, "हा प्लाय घेऊ का गं? स्वस्त देतोय." तेव्हा मात्र राहवलं नाही.

आमचं पुण्यातलं घर दोन बेडरूमचं, जेमतेम सहाशे फुटांचं. जानेवारीत मुलगा झाला, त्याआधी सासरे गेले आणि सासूबाई कराडहून कायमच्या आमच्याकडे आल्या. तिघांची पाच माणसं झालो. लेकीला अभ्यासाला जागा हवी, आईंना त्यांचं कपाट हवं, तान्ह्याचं सामान वेगळंच. सुताराने दुमजली पलंग, आईंचं कपाट आणि बाल्कनीतलं पेटीचं बाकडं मिळून 1,45,000 सांगितले. माल त्याचा, मजुरी त्याची. बाळंतपणाचा खर्च नुकताच झालेला, एवढे पैसे नव्हतेच.

आणि मला हे काम येतं. हे मी ठामपणे सांगते, कारण नंतर प्रत्येकाने मला ऐकवलं की बाईमाणसाने कशाला या फंदात पडायचं. गेली चार वर्षं घरातली लहानमोठी कामं मीच करते. चपलांचं कपाट, लेकीचं टेबल, किचनमधले दोन ड्रॉवर माझ्या हातचे आहेत आणि आजही सरळ उघडतात. जिगसॉ माझी, ड्रिल माझं. मापं काढण्यात, कापण्यात, जोडण्यात मी कुठेही चुकले नाही. मला माल खोटा मिळाला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

जाहिरात मोबाईलवर आली. तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल तसलीच: फॅक्टरीतून थेट, मधला व्यापारी नाही, मापाप्रमाणे कापून घरपोच. व्हिडिओत एक माणूस गॅसवर ठेवलेल्या पातेल्यात प्लायचा तुकडा उकळतो, बाहेर काढतो, हातोडीने ठोकतो, पापुद्रा सुटत नाही. मी गोडाऊनलाही जाऊन आले. म्हणजे डोळे मिटून पैसे टाकले असं कुणी म्हणू नका. शहराबाहेर पत्र्याचं शेड होतं, आत शीटांच्या थप्प्या होत्या, प्रत्येकीवर आयएसआयचा शिक्का आणि वर 710, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या मानकाचा नंबर. त्याने दाखवलेला नमुना खरोखर चांगला होता. वजनदार, कडेला गोंदाच्या काळपट रेषा, कुठे फट नाही. "ताई, बाळाच्या घरात वापरणार ना, मग 710 च घ्या," असं तोच म्हणाला. मुलं आहेत म्हटल्यावर आपण दोन पैसे जास्त मोजतो, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

हिशेब असा होता. आठ बाय चारची एक शीट म्हणजे 32 चौरस फूट. 18 एमएम 92 रुपये चौरस फुटाने 26,496. 12 एमएम 74 ने 9,472. 6 एमएम 48 ने 3,072. मालाचे 39,040. कापणी आणि कडेच्या पट्टीचे 5,200. टेम्पो-हमाली 1,800. एकूण 46,040. पक्कं बिल हवं असेल तर 18 टक्के जीएसटी वर, म्हणजे आणखी 7,027. मी कच्च्या चिठ्ठीवर घेतलं. सात हजार वाचवले असं तेव्हा वाटलं. त्या सात हजारांत तान्ह्याचं दोन महिन्यांचं सामान येतं, मी तरी काय करणार होते? पण आज माझ्याजवळ त्या माणसाच्या सहीचा एक चिटोरा आहे आणि त्यावर दुकानाचं नावसुद्धा नाही. बिल सोडू नका. 7,027 गेले तरी चालतील, बिल सोडू नका.

15,000 आगाऊ दिले, यूपीआयने. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते त्याचं नव्हतं, दुकानाचंही नव्हतं. विचारलं तर म्हणाला, भाच्याचं खातं आहे. इथेच थांबायला हवं होतं, पण खरी चूक याच्यानंतरची आहे आणि ती मला झोपू देत नाही.

माल दुपारी चारला येणार होता. आला रात्री साडेआठला. नवरा ऑफिसातून यायचा होता, बाळाला लस दिल्यामुळे ताप होता, आई त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होत्या. जिन्यातला दिवा गेलेला. टेम्पोवाला खालून ओरडत होता की लवकर करा, अजून दोन ठिकाणी जायचंय. हमाल एकच होता आणि तो 18 एमएमच्या दोन-दोन शीटांचा कापलेला माल एकदम पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढत होता. चांगल्या 710 ची आठ बाय चारची एक शीट पस्तीस-चाळीस किलो भरते. दोन म्हणजे सत्तरच्या वर. तो माणूस जिन्यात एकदाही टेकला नाही. मी हे बघत होते. मला वजन माहीत होतं. तरीही माझ्या मनात फक्त एवढंच आलं की बिचारा किती दमत असेल, त्याला पाणी द्यावं.

पाण्याचा तांब्या देऊन ओल्याच हाताने मी पहिली शीट भिंतीला सरकवली. हात काढला तर तळवा लाल. विटकरी लाल, कुंकू पाण्यात कालवल्यासारखा. शीटवर माझी पाच बोटं उमटली होती आणि त्या जागी खालून पांढरट लाकूड दिसत होतं. मी तळवा त्या टेम्पोवाल्याला दाखवला. "ताई, ती वाळवीची ट्रीटमेंट आहे, दोन दिवसांत बसते." मी बेसिनवर हात धुतला, लाल पाणी वाहून गेलेलं पाहिलं आणि बाहेर येऊन उरलेले 31,040 रुपये त्याच भलत्या नावाच्या खात्यावर पाठवले.

ते लाल पाणी वाहताना मी दहा सेकंद तरी उभी होते. त्या दहा सेकंदांत नवऱ्याला फोन करता आला असता. टेम्पो थांबवून एका कापलेल्या तुकड्याची कड मोबाईलच्या उजेडात बघता आली असती. आत बाळ रडत होतं म्हणून मी घाई केली. हे कारण आहे, खोटं नाही, पण मनाला पटत नाही.

लाल रंग म्हणजे 710 नव्हे. रंग कशालाही मारता येतो. शिक्काही कशालाही मारता येतो. शिक्क्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की परवाना कुणाचा, कशासाठी, चालू की बंद ते दिसतं. मी हा नंबर टाकला जुलैत. असा परवानाच नव्हता. हे काम दोन मिनिटांचं आहे, पैसे देण्याआधी करा. आणि तो उकळण्याचा व्हिडिओ! 710 ची खरी चाचणी 72 तास उकळून होते. व्हिडिओपुरतं थोडा वेळ उकळून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय नमुना एक आणि माल दुसरा असेल तर नमुना महिनाभर उकळला तरी तुमच्या पलंगाला काय उपयोग?

मे महिनाभर मी रात्री नऊनंतर, बाळ झोपल्यावर, हॉलमध्ये गोधडी अंथरून काम केलं. सनमायकाच्या आठ शीट 9,200 रुपयांच्या, गोंद, स्क्रू, बिजागऱ्या मिळून 3,860. सनमायका लावल्यावर आतलं काही दिसत नाही, हे त्या माणसाला माझ्याआधी माहीत होतं. स्क्रू घट्ट न बसता फिरत राहायचे तेव्हा मी लांब स्क्रू आणले. भोकात काडी आणि गोंद भरून पुन्हा पिळले. स्क्रू फिरतो म्हणजे कोअरमध्ये, प्लायच्या आतल्या थरांत, बहुधा पोकळी आहे. एवढं साधं कळायला हवं होतं, पण पंधरा शीट कापून झाल्या होत्या आणि मन मान्य करायला तयार नव्हतं.

बाल्कनीतलं बाकडं आधी गेलं. त्यात वर बसायला जागा, आत खेळणी, कडेला आईंच्या तुळशीची आणि कढीपत्त्याची कुंडी. पावसाचे शिंतोडे आले आणि कडा पुरीसारख्या फुगल्या. चार दिवसांत पापुद्रे हाताने सुटायला लागले. मला वाटलं, कडेला सीलर कमी लागलं असेल, माझंच काम कच्चं. पुन्हा स्वतःलाच दोष दिला.

मग 14 जुलैच्या रात्री लेक वरच्या पलंगावर कूस बदलायला गेली आणि गादीखालची पट्टी मोडली. गादीचा एक कोपरा खाली आला, ती कठड्याला धरून लोंबकळली आणि खाली पडली. कोपर सुजलं, हाड शाबूत होतं. खाली बाळाला झोपवायचा माझा विचार होता. त्या रात्री सुदैवाने तो माझ्याजवळ होता. मोडलेली पट्टी पाहिली तर आत पॉपलरचे, म्हणजे हलक्या मऊ लाकडाचे, ठिसूळ थर, मध्ये बोट जाईल एवढी फट. व्हर्निअरने मोजलं: 18 चं 16.2 एमएम भरलं. सहा वर्षांच्या पोरीच्या अंगाखाली हे विकताना त्या माणसाला काहीच वाटलं नसेल?

त्याचा फोन त्या दिवसापासून बंद. गोडाऊनवर गेलो तर शेड रिकामं. शेजारचा गॅरेजवाला म्हणाला, दोन महिन्यांच्या भाड्याने घेतलं होतं.

चौकीत मी मोडलेली पट्टी पिशवीत घालून गेले. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब होते. "मॅडम, माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? हे सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं, खोटा शिक्का मारून विकलंय, पूर्वी 420 म्हणायचे ते आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे. तर म्हणाले, "मिस्टरांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." प्लाय मी घेतला, पैसे माझ्या खात्यातून गेले, पडली माझी मुलगी, आणि बोलणार माझ्या नवऱ्याशी! तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. तान्ह्याला मांडीवर घेऊन अडीच तास बाकड्यावर बसले तेव्हा कागदावर शिक्का पडला. पोच घेतल्याशिवाय उठू नका. त्या अर्जाचं पुढे काय झालं, हे चार वेळा विचारलं, चारही वेळा वेगळ्या माणसाने वेगळं सांगितलं.

बँकेत उत्तर एका ओळीचं: पिन तुम्हीच टाकलात. खातं कुणाचं ते सांगणार नाही, गोपनीय आहे. चोराची गोपनीयता जपतात आणि माझा अर्ज काउंटरवरून परत करतात. एका सरकारी कार्यालयात तर टेबलामागच्या बाईंनी मलाच विचारलं, बिल न घेता माल घेतलात म्हणजे कर तुम्हीही बुडवलात ना? बाहेर येऊन जिन्यात रडले. चूक माझी आहे, मान्य. पण माझ्या सात हजारांच्या चुकीपुढे त्याचा अख्खा धंदा कुणालाच दिसू नये?

हे नंतर वाचून कळलं ते सांगते, कारण तिथे कुणीही सांगितलं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे बिल नाही म्हणून गप्प बसायची गरज नाही. यूपीआयची नोंद, चॅट, फोटो सगळं पुरावा म्हणून लावता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, 5 लाखांपर्यंत फी नाही, वकीलही लागत नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. मी ऑगस्टमध्ये तक्रार दाखल केली. नोटीस त्या पत्त्यावरून परत आली, आता त्या खात्याच्या धारकाला पक्षकार करायचा अर्ज दिला आहे. चॅट डिलीट करू नका, त्याने केले तरी तुमच्याकडचे स्क्रीनशॉट राहतात. मोडलेला माल फेकू नका. माझ्या बाल्कनीत त्या पट्ट्या तारीख लिहून बांधून ठेवल्या आहेत.

पलंग मी पुन्हा करते आहे. या वेळी दुकानातून, दोन-दोन शीट, 128 रुपये फुटाने, पक्कं बिल, नंबर अ‍ॅपवर तपासून आणि प्रत्येक शीटची कड दुकानातच बघून. तोपर्यंत लेक आणि आजी हॉलमध्ये खाली झोपतात.

मैत्रिणीने पाठवलेल्या व्हिडिओत नाव नवं आहे, नंबर नवा आहे, शेड दुसरं आहे. पातेलं मात्र तेच. ॲल्युमिनियमचं, डाव्या कानाजवळ पोचा आलेलं. माणसाचा चेहरा त्यात दिसत नाही, तेव्हा ते पातेलं नीट बघून ठेवा.