फी घेणारी बँक बरी की झिरो प्रोसेसिंग फीवाली कंपनी? पर्वरीच्या फ्लॅटचा हिशेब

गोव्यात पर्वरीत फ्लॅट घेताना हातात होम लोनच्या दोन ऑफर होत्या, दोन्ही 40 लाख, 20 वर्षं, फ्लोटिंग म्हणजे बदलता व्याजदर. सरकारी बँक 8.5 टक्के, प्रोसेसिंग फी 20 हजार आणि वर 18 टक्के जीएसटी, झाले 23,600. हाउसिंग फायनान्सवाले 8.75 टक्के, फी झिरो, एजंट घरी येऊन सह्या घेणार. घरच्यांना अर्थातच दुसरी आवडली.

मी हप्ते काढले. बँक 34,713, कंपनी 35,348. महिना 635 जास्त, म्हणजे वाचलेली फी 37 महिन्यांत परत गेलीच की, पुढची सतरा वर्षं नुसतं भरत बसा. वर कंपनीने लोनमध्येच 1 लाख 20 हजार प्रीमियमचा विमा घुसवलेला, त्याचेच महिन्याला 1,060, वीस वर्षांत अडीच लाखांवर! एजंट म्हणे कंपल्सरी आहे. अजिबात नाही, त्यांच्याकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही, हवा तर बाहेरून टर्म प्लॅन घ्या.

हे सगळं केएफएसमध्ये, म्हणजे लोनचे दर-खर्च मांडणाऱ्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये दिसतं, 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या लोनला तो कागद द्यावाच लागतो. त्यातला एपीआर, म्हणजे व्याज आणि बाकी खर्च धरून वर्षाचा खरा दर बघा, विमा आणि वकिलाची फीसुद्धा त्यात धरलेली असते. ऑफर किमान तीन वर्किंग डेज टिकते, तेवढ्यात मी कंपनीचा केएफएस घेऊन बँकेच्या म्हापशाच्या ब्रँचला गेलो आणि शुक्रवारच्या बाजारात मिरचीचा भाव करतात तसं मॅनेजरसमोर बसून राहिलो, फी निम्मी झाली. स्टँप ड्युटी, रजिस्ट्रेशन यात मात्र घासाघीस नाही, उगाच तोंड वाजवू नका.

वकिलाच्या सर्चमध्येही, म्हणजे मालकीची कागदपत्रं तपासण्यात, पैसे कमी करायला जाऊ नका. कंपनीचा वकील गोव्याबाहेरचा, त्याला एक-चौदाचा उतारा (आपला गोव्याचा सातबारा) काय असतो ते मीच फोनवर समजावतोय. बँकेच्या वकिलाने पहिल्याच दिवशी विचारलं, मूळ जमीनमालकाच्या बायकोची सही कुठाय? आपल्याकडे नवराबायकोची मालमत्ता सामायिक, ती सही नसेल तर फ्लॅट गळ्यात.

मी बँक घेतली. पण बीचवरच्या शॅकचा किंवा रेंट-अ-बाइकचा धंदा असेल आणि इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये उत्पन्न कमी दिसत असेल तर बँक दारातूनच परत पाठवू शकते, तिथे कंपनी बघा. बँक फी कमी करत नसेल आणि दोन वर्षांच्या आत लोन फेडायचं असेल तरीही कंपनी चालेल, फ्लोटिंगला फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो. फक्त तो विमा आधी काढायला लावा, मग सही.