ठाण्याच्या नौपाड्यातलं वधू-वर सूचक केंद्र: वही चांगली, फॉर्म वैताग (5 पैकी 3)

चाळिशीपुढच्या स्थळांसाठी इथे वेगळी वही आहे, पैसे भरावेत ते तिच्यासाठीच. प्रथम विवाह, घटस्फोटित, विधुर-विधवा अशी वेगवेगळी पानं. लग्न ठरलं की त्या स्थळावर लाल शाईने काट मारतात, त्यामुळे फुकट फोन होत नाहीत. विवाहाच्या वेबसाइटांवर बोहल्यावरून उतरलेली माणसंही महिनोन्‌महिने 'इच्छुक' दिसतात.

फॉर्मने मात्र डोकं उठतं. दुसऱ्या पानावर 'विवाहास विलंबाचे कारण' आणि खाली तीन रिकाम्या ओळी. कोऱ्या सोडल्या तर काउंटरवरच्या बाई बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात. 'घरची जबाबदारी' एवढंच लिहावं, पुढे चौकशी होत नाही. पालकांचा मोबाइल नंबर सक्तीचा. तिथे स्वतःचाच द्या, नाहीतर शेहेचाळिशीच्या माणसाची स्थळं त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना कळवली जातात.

एवढ्या उलटतपासणीनंतर पुराव्याचा कागद एकही मागत नाहीत, आणि खरी फसगत तिथेच होते. जपानमध्ये टोकियोच्या महानगर सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये स्वतःचं जुळणी अ‍ॅप काढलं, त्यात 11,000 येन भरून दोन वर्षांची नोंदणी मिळते ती अविवाहित असल्याचा सरकारी दाखला, उत्पन्नाचा पुरावा आणि मुलाखत झाल्यावरच. तिथे प्रत्येक कुटुंबाची 'कोसेकी' ही सरकारी नोंदवही असते, म्हणून असा दाखला निघतो. (सरकारने लग्नं जमवत बसावं का, हा वेगळा वाद.)

आपल्याकडे तशी नोंदवही नाही, तेव्हा कागद आपणच मागायचे. समोरची व्यक्ती घटस्फोटित असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत पाहा. 'केस चालू आहे, होऊनच जाईल' हे चालवून घेऊ नका. हुकूमनामा एकतर्फी किंवा वादातून झालेला असेल तर हिंदू विवाह कायद्यातली अपिलाची 90 दिवसांची मुदत उलटली का आणि अपील दाखल नाही ना, हेही तपासा. विधुर-विधवा असल्यास मृत्यूचा दाखला. पगारासाठी फॉर्म 16. पगाराच्या स्लिपा घरीही छापता येतात.

रविवारी जाऊ नका. त्या दिवशी तिशीतल्यांच्या आयांची गर्दी असते आणि वही हातात यायला तासभर लागतो.