केसपेपरची खिडकी की खाटेशेजारची विचारपूस?

सांगली-मिरजेच्या सरकारी दवाखान्यात रुग्णाची घरची अडचण विचारायची कुठे? खिडकीवर दोन मिनिटांत सगळ्यांना विचारून होतं. पण मागे रांग असताना ‘घरात धान्य पुरतं का?’ याला कुणीही ‘हो’च म्हणणार. तेच दुसऱ्या दिवशी, नातेवाईक चहाला गेल्यावर, समाजसेवा अधीक्षकांनी खाटेशेजारी बसून विचारलं, की जतहून तपासणीला यायला एसटीभाडं नाही, इन्सुलिनला फ्रिज नाही, हे कळतं. वेळ जास्त जातो, हे खरं. तरीही क्षयरोग, मधुमेह, डायलिसिसच्या रुग्णांसाठी खाटच बरी.

मात्र नुसत्या नोंदीने तब्येत सुधारत नाही. क्षयरुग्णाचं बँक खातं ‘निक्षय’ या क्षयरोगाच्या सरकारी पोर्टलवर नोंदलं, तरच पोषणाचे महिना 1000 रुपये जमा होतात. इन्सुलिनला मडक्याचा गारवा चालतो, हे दाखवावं लागतं. दोन्ही डिस्चार्जआधीच उरका.