फोटो वितरण सेवा, ८ महिने वापरून: फोटो पोहोचतो, फोटोओळ गळते

गेल्या महिन्यात आमच्या नव्या यंत्राचा फोटो एका व्यापारविषयक मासिकात आला. यंत्र आमचं, शेजारी उभी माणसं आमची, खाली नाव दुसऱ्याच कंपनीचं. मासिकाने पुढच्या अंकात दुरुस्ती छापली, तीही फोटोविना. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत, नाहीतर तेव्हाच रामराम केला असता.

ही सेवा आपले फोटो वृत्तपत्रं-मासिकांना मेलने पाठवते. त्या पाठवण्याबद्दल तक्रार नाही. माध्यमांची यादी ताजी असते, नोकरी सोडून गेलेल्या उपसंपादकाला मेल जात नाही. माझं भांडण फोटोओळीवरून. मी ती फाइलच्या आतच, आयपीटीसीच्या रकान्यांत (फोटोची माहिती फाइलमध्येच लिहायच्या ठरलेल्या जागा) भरतो: डावीकडून कोण, कुठे, कधी, फोटो कोणी काढला. कारण प्रेसनोट एकीकडे पडते, फोटो दुसरीकडे. आठवड्याने संपादकीय डेस्कवर कुणी तो उघडला की हाताशी फक्त फाइल असते. आणि यांची साइट फोटो ‘हलका’ करताना नेमका तोच मजकूर पुसते! कोऱ्या फोटोला डेस्कने जवळ पडलेलं नाव चिकटवलं, त्यांना काय दोष देणार?

चार मेल, दोन फोन. उत्तर एकच, ‘फोटो पोहोचला ना सर?’ शेवटी चढवलेली आणि पोहोचलेली फाइल शेजारी शेजारी उघडून स्क्रीनशॉट पाठवला. पहिलीतले रकाने भरलेले. दुसरीतले कोरे, शिवाय रुंदी १६०० पिक्सेल. म्हणजे ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) छापायची तर जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. मग त्यांच्याकडच्या एका बाईंनी मान्य केलं आणि सांगितलं, सेटिंगमध्ये ‘मूळ फाइल पाठवा’ असा पर्याय आहे. मुळात बंद ठेवलेला. का, ते त्यांनाच ठाऊक.

त्याच बाईंनी माझेही कान उपटले. फीत कापताना, हस्तांदोलन करताना, वर कोपऱ्यात आमचा लोगो, असले फोटो डेस्क बाजूलाच टाकतो म्हणे. पहिले सहा महिने मी तेच पाठवत होतो आणि शिव्या सेवेला देत होतो. नंतर यंत्रावर वाकून काम करणाऱ्या ऑपरेटरचा फोटो पाठवला, त्याची लेखी संमती घेऊन, आडवा आणि उभा दोन्ही, लोगो न टाकता. दोन ठिकाणी छापून आला, नावासकट.

म्हणून दोन तारे होते ते साडेतीन केले. अर्धा अजून अडवून ठेवलाय: दर अपडेटनंतर तो पर्याय आपोआप बंद होतो. माध्यमांच्या यादीत मी माझाच एक जुना मेल घालून ठेवलाय. आलेला प्रत्येक फोटो उघडून आधी रकाने बघतो.