‘गेलं तर’ आणि ‘गेलं असतं तर’: इंग्रजीत इफचं कोणतं वाक्य कधी घ्यायचं?

सांगलीत पावसाचा जोर वाढला की घराघरांत एकच प्रश्न असतो: आयर्विनला किती फूट? आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल; तिथे ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या दिवसांत आपण दिवसभर जर-तरच बोलतो. “पाणी ४० च्या वर गेलं तर जनावरं हलवू.” “आदल्या रात्रीच पोती माडीवर नेली असती तर वाचली असती.” यातलं एकही वाक्य बोलताना कुणी अडखळत नाही.

इंग्रजीच्या वर्गात मात्र हीच माणसं अडतात. झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल अशी जर-तरच्या वाक्यांची चारही सूत्रं वहीत असतात, पण तोंड उघडायच्या वेळी चारातलं कोणतं उचलायचं ते सुचत नाही. सांगलीत इंग्रजी शिकवताना माझं मत पक्कं झालं आहे की सूत्र नंतर, आधी मनातल्या मराठी वाक्याचं क्रियापद ऐका. निम्मा निर्णय तिथेच झालेला असतो.

रोजच्या मराठीत आपल्याकडे मुख्यतः दोनच साचे आहेत: ‘गेलं तर’ आणि ‘गेलं असतं तर’. इंग्रजीत चार. म्हणजे आपला पहिला साचा तिथे तिघांत वाटला जातो आणि दुसरा दोघांत. घोळ होतो तो या वाटणीत.

झिरो की फर्स्ट?

इथे फार विचार नको, वाक्याचा शेवट पाहिला की झालं. “कोयनेतून पाणी सोडलं तर कृष्णा वाढते” हे दरवर्षीचं, कायमचं खरं. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी खाली आपल्याकडे येतं. शेवटी ‘वाढते’ आहे, म्हणून दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ: ‘इफ दे रिलीज वॉटर फ्रॉम कोयना, द कृष्णा रायझेस.’ “आज रात्री सोडलं तर पाणी वाढेल” ही एका वेळची गोष्ट. शेवटी ‘वाढेल’ आहे, म्हणून ‘विल’: ‘इफ दे रिलीज वॉटर टुनाइट, द रिव्हर विल राइज.’

चूक होते ती इफच्या बाजूला. मराठीत ‘सोडलं’ हे रूप भूतकाळाचं, अर्थ पुढचा. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ वापरतं. अर्थ पुढचा आहे म्हणून मुलं ‘इफ दे विल रिलीज’ लिहितात, तो ‘विल’ काढून टाका.

फर्स्ट की सेकंड?

खरी निवड इथे आहे, आणि मराठी इथे मदत करत नाही. “नोकरी लागली तर आईला पुण्याला नेईन” आणि “लॉटरी लागली तर बंगला बांधीन” ही वाक्यं मराठीत एकाच साच्यातली. इंग्रजी विचारतं: हे होईल असं तुम्हाला वाटतं का? नोकरीची मुलाखत झाली आहे, आशा आहे: ‘इफ आय गेट द जॉब, आय विल टेक माय मदर टू पुणे.’ लॉटरीचं तिकीटही काढलेलं नाही: ‘इफ आय वन द लॉटरी, आय वुड बिल्ड अ बंगलो.’ ‘वन’ हे रूप भूतकाळाचं असलं तरी गोष्ट भूतकाळातली नाही. ते रूप फक्त अंतर दाखवतं, खरेपणापासूनचं अंतर.

हा फरक परीक्षेतल्या गुणांपुरता नाही. हळदीचा व्यापारी परराज्यातल्या खरेदीदाराला ईमेल लिहितो. ‘इफ यू ऑर्डर टेन टन्स, वुई विल रिड्यूस द रेट’ म्हटलं तर तो शब्द दिल्यासारखा आहे, समोरचा उद्या ऑर्डर पाठवून दर मागेल. ‘इफ यू ऑर्डर्ड टेन टन्स, वुई वुड रिड्यूस द रेट’ म्हणजे अजून बोलणी चालू आहेत, अंदाज घेतो आहोत. सौदा पक्का करायचा असेल तर पहिलं घ्या, चाचपायचं असेल तर दुसरं. मुलाखतीत “मी कधी रुजू होऊ शकते” हे सांगताना मुली नम्रपणा म्हणून ‘इफ यू सिलेक्टेड मी, आय वुड जॉइन’ म्हणतात. त्यातून आपली निवड होईल असं तिला स्वतःलाच वाटत नाही, असा अर्थ निघतो. तिथे ठामपणे फर्स्टच घ्यावं. विनंती करताना उलट: ‘इट वुड हेल्प इफ यू सेंट द बिल टुडे’ हे ऐकायला मऊ वाटतं.

सेकंड की थर्ड?

“पैसे असते तर जागा घेतली असती.” हे आज खिसा रिकामा असलेला माणूसही म्हणतो आणि दहा वर्षांपूर्वीची संधी आठवणाराही. मराठी ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजीला मात्र सांगावंच लागतं: आत्ता की तेव्हा? आत्ता असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय द प्लॉट.’ तेव्हाची गोष्ट असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट द प्लॉट.’ दोनदा ‘हॅड’ पाहून घाबरू नका, ते बरोबर आहे.

थर्डमध्ये आपली हमखास चूक म्हणजे ‘इफ वुई वुड हॅव मूव्हड द सॅक्स’. ती का होते हे मला फार उशिरा उमगलं. मराठीत तराजूची दोन्ही पारडी सारखी असतात: ‘नेली असती’ तर ‘वाचली असती’. इंग्रजीत ती सारखी नसतात. इफच्या बाजूला ‘हॅड’, दुसऱ्या बाजूला ‘वुड हॅव’: ‘इफ वुई हॅड मूव्हड द सॅक्स, वुई वुड हॅव सेव्हड देम.’ २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हाच्या गोष्टी सांगायच्या तर हाच साचा लागतो. जे घडून गेलं आणि बदलता येत नाही, त्यासाठीच तो आहे.

बाकी किरकोळ. मराठीत ‘जर’ गाळला तरी चालतो, ‘तर’ गाळता येत नाही. इंग्रजीत ‘इफ’ सहसा हवाच, ‘देन’ नसला तरी चालतो. ‘बाबा आले की’ म्हणजे ‘व्हेन’, ‘बाबा आले तर’ म्हणजे ‘इफ’. ‘अनलेस’मध्ये नकार आधीच आहे, म्हणून ‘अनलेस यू डोन्ट कम’ लिहून “आला नाहीस तर” म्हणता येत नाही. आणि “तुझ्या जागी मी असतो तर” याला ‘इफ आय वेअर यू’ म्हणतात, तिथे ‘आय’बरोबर ‘वेअर’च शोभतं.

एक वाक्य मात्र कुठल्याच चौकटीत बसत नाही, आणि नदीकाठच्या माणसाला तेच जास्त लागतं: “तेव्हा जोतं उंच बांधलं असतं, तर आज पाऊस वाढला की एवढी भीती वाटली नसती.” अर्धं तेव्हाचं, अर्धं आजचं. इफची बाजू थर्डमधून घ्या, दुसरी सेकंडमधून: ‘इफ वुई हॅड बिल्ट द प्लिंथ हायर, वुई वुड नॉट बी सो अफ्रेड टुडे.’