कोणत्या पेशंटला कोणतं पेन स्केल (वेदना मोजायची पट्टी)? वॉर्डसाठी तुलना

चार्टवर नुसतं ‘पेन स्कोअर ५’ लिहिलं, तर ते पाच दहापैकी की आठपैकी, हे रात्रपाळीच्या सिस्टरला कळत नाही. त्यामुळे स्केल कोणतंही घ्या, पण त्याचं नाव आणि ‘पैकी किती’ हे स्कोअरपुढे लिहायचंच, एवढं आधी ठरवा.

शुद्धीवर असलेल्या, बोलणाऱ्या मोठ्या पेशंटसाठी ० ते १० आकडे (एनआरएस) घ्यायचे की पेशंटनं खूण करायची १०० मिलिमीटरची रेघ (व्हीएएस)? वॉर्डात रेघ नको. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की तिची लांबी बदलते. वर पेशंटला चष्मा, पेन आणि टेकायला पॅड लागतं. आकड्यांना यातलं काही लागत नाही: १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ पासून तीव्र.

आकड्यांची अडचण वेगळी. सांगलीकडच्या वॉर्डात ‘दहापैकी किती?’ विचारलं की उत्तर येतं, ‘लई दुखतंय’, नाहीतर ‘बारा आणे कमी हाय’. त्या बारा आण्यांचे साडेसात करू नका. कमी किती झालं आणि उरलं किती, या दोन गोष्टी वेगळ्या. पेशंटचे शब्द अवतरणात तसेच लिहा आणि शब्दपट्टी वापरा: नाही, थोडं, मध्यम, लई, सोसवत नाही. जतकडच्या आणि सीमेपलीकडच्या पेशंटसाठी हीच पट्टी कन्नडमध्येही छापून घ्या. उत्तर नातेवाइकांनी दिलं असेल तर तशी नोंद हवी.

मुलांसाठी वाँग-बेकरचे सहा चेहरे तीन वर्षांपासून चालतात. पण हसरा ते रडका अशी ती चढण असल्यानं दुखणाऱ्या, पण न रडणाऱ्या मुलाचं बोट शेवटच्या चेहऱ्यावर जात नाही. सुधारित फेसेस स्केलमध्ये अश्रू नाहीत. चार वर्षांपुढे तेच बरं. चेहरा मुलानंच दाखवायचा. सिस्टरनं मुलाकडे बघून खूण केली, तर स्कोअर निरर्थक.

बोलता न येणाऱ्या लहानग्यांना, दोन महिने ते सात वर्षं, फ्लॅक: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजूत पटणं; प्रत्येकी ० ते २. पांघरूण काढून निदान दोन मिनिटं बघा. भूक आणि सुईची भीतीही गुण वाढवते. दूध पाजून पुन्हा मोजा. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांसाठी याच धर्तीचं पेनॅड आहे.

व्हेंटिलेटरवर बीपीएस की सीपॉट? दोन्हींत पेशंटचा चेहरा, हालचाल बघून सिस्टरच गुण देते. बीपीएस ३ ते १२. म्हणजे वेदना नसतानाही स्कोअर तीनच, आणि नवी सिस्टर इथेच फसते. सीपॉट ० ते ८, तीनपासून दखल घ्यायची. श्वासाची नळी काढल्यावर व्हेंटिलेटरच्या गुणांच्या जागी आवाजाचे गुण धरून तेच पुढे चालतं. आयसीयू असेल तर सीपॉटच घ्या. व्हेक्युरोनियमसारखं स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर दोन्ही निकामी. तिथे ० न लिहिता ‘मोजता येत नाही’ असं लिहा.

नोंद कशी हवी? ‘दुखतंय म्हणतात, इंजेक्शन दिलं’ यावरून डॉक्टरांना डोस बदलता येत नाही. हे बघा:

‘सायं. ६.१०. पोटावर, टाक्यांपाशी, “चमक मारतीया”. एनआरएस पडून ३/१०, खोकताना ७/१०. ऑर्डरप्रमाणे पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून, ६.१५ ते ६.३०. सायं. ७.००: पडून १/१०, खोकताना ४/१०.’

खोकतानाचा आकडा गाळला, तर तीनच दिसतो. मग दुखतं म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही आणि छातीत कफ साचतो. शिरेतून औषध दिल्यावर अर्ध्या तासात, गोळीनंतर तासाभरात पुन्हा विचारा. मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल दिलं असेल तर गुंगी आणि मिनिटाचे श्वासही लिहा. ‘झोपले आहेत’ हा पेन स्कोअर नव्हे.