घरासाठी इंटरनेट : फायबर, ५जी एअरफायबर की मोबाइलचे हॉटस्पॉट?

घरात पहिल्यांदाच इंटरनेटची जोडणी घेणाऱ्याला पैशांपेक्षा शब्दांचीच अडचण जास्त जाणवते. योजनेच्या पत्रकावर एमबीपीएस, एफयूपी, ड्युअल बँड, राउटर असे शब्द एका दमात छापलेले असतात आणि त्यांतला कोणता आपल्या उपयोगाचा व कोणता नुसता मिरवण्यापुरता, हे सांगायला कोणी बसत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत आता तीन पर्याय समोर येतात : घरापर्यंत ओढलेली फायबरची, म्हणजे प्रकाशाने संदेश नेणाऱ्या काचेच्या तंतूची तार, गच्चीवर किंवा खिडकीबाहेर यंत्र बसवून ५जीच्या लहरींवर चालणारी जोडणी, जिला कंपन्यांच्या योजनांच्या नावांवरून सगळेच एअरफायबर म्हणू लागले आहेत, आणि खिशातल्या मोबाइलचे हॉटस्पॉट, म्हणजे फोनवरचे इंटरनेट इतर उपकरणांना वाटून देणे. माझे मत आधीच सांगून टाकतो. जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला वेगाचा आकडा या निवडीत सर्वांत कमी कामाचा असतो; निर्णय व्हायला हवा तो डेटाची मर्यादा, जोडणीची स्थिरता आणि घरातल्या भिंती यांच्यावरून.

तरीही सुरुवात वेगापासूनच करू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. इंटरनेटचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. एक बाइट म्हणजे आठ बिट. त्यामुळे १०० एमबीपीएसची जोडणी म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजेच साडेबारा मेगाबाइट. एक जीबीची फाइल उतरवायला तिथे दहा सेकंद नव्हे, तर साधारण ऐंशी सेकंद लागतील, आणि यात कोणी फसवणूक केलेली नसते. आता गरज पाहू. चांगल्या दर्जाचा, म्हणजे फुल एचडी चित्रपट पाहायला सुमारे ५ एमबीपीएस पुरतात, त्याहून स्पष्ट चित्राच्या ४केसाठी सुमारे १५ लागतात आणि एका व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुष्कळ होतात. चौघांच्या घरात संध्याकाळी एकाच वेळी दोन ठिकाणी चित्रपट, एका खोलीत व्हिडिओ कॉल आणि एकाचे व्हॉट्सअ‍ॅप चालू असले, तरी बेरीज २० एमबीपीएसच्या आतच राहते. म्हणून ३० किंवा ४० एमबीपीएसची सर्वांत स्वस्त योजना बहुतेक घरांना पुरते, आणि ३०० एमबीपीएसचा आग्रह धरणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे नाही म्हणायला हरकत नाही. भारतात सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी लागणारा किमान वेग २०२३ च्या जानेवारीत ५१२ केबीपीएसवरून (सेकंदाला किलोबिट; एक हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस) २ एमबीपीएस करण्यात आला. म्हणजे स्वस्तातली योजनासुद्धा त्या किमान पातळीच्या पंधरापट असते.

वेगालाही दोन बाजू असतात. जे बाहेरून आपल्याकडे येते ते डाउनलोड आणि जे आपल्याकडून बाहेर जाते ते अपलोड. फायबरच्या बहुतेक योजनांत दोन्ही वेग सारखेच मिळतात, तर मोबाइल आणि एअरफायबरवर अपलोडचा वेग डाउनलोडच्या मानाने बराच कमी असतो. चित्रपट पाहणाऱ्याला याचा फरक पडत नाही. परंतु घरून ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या शिक्षिकेला किंवा लग्नाचे फोटो ग्राहकांना पाठवणाऱ्या छायाचित्रकाराला खरी गरज अपलोडचीच असते, आणि पत्रकावर नेमका तोच आकडा छापलेला नसतो. तो मुद्दाम विचारून घ्यावा.

डेटाची मर्यादा हा तिन्ही पर्यायांतला सर्वांत मोठा फरक आहे. एफयूपी म्हणजे ठरावीक डेटा वापरून झाल्यावर वेग कमी करण्याचा नियम, आणि ‘अनलिमिटेड’ या शब्दाच्या शेजारी तो बारीक टायपात हमखास सापडतो. फायबरच्या अनेक योजनांत ही मर्यादा महिन्याला ३३०० जीबी असते, एअरफायबरच्या अनेक योजनांत १००० जीबी, आणि मोबाइलच्या प्रीपेड रिचार्जवर साधारणपणे रोज दीड किंवा दोन जीबी. फुल एचडी चित्रपटाला तासाला सव्वादोन जीबीच्या आसपास डेटा लागतो, असा हिशेब धरला तर एअरफायबरची मर्यादा गाठायला रोज चौदा-पंधरा तास पाहत बसावे लागेल. हॉटस्पॉटवर मात्र एक चित्रपट पूर्ण व्हायच्या आतच दिवसाचा डेटा संपतो. संपल्यानंतर जोडणी बंद पडत नाही, अनेक प्रीपेड योजनांत ती ६४ केबीपीएसवर येते. हा वेग किती आहे, हे एका उदाहरणावरून कळेल : ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी, आणि या वेगाने मोबाइलने काढलेला दोन एमबीचा एक साधा फोटो पोचायला चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. परीक्षेचा अर्ज भरताना संध्याकाळी ही वेळ आली, तर छायाचित्र आणि सही चढवण्याच्या पायरीवरच पान अडकून बसते. अमर्याद ५जी देणाऱ्या योजनांत हा प्रश्न फोनपुरता सुटतो. ती सवलत हॉटस्पॉटला कितपत लागू आहे आणि आपल्या घरात आतल्या खोलीपर्यंत ५जी पोचते का, हे आधी तपासून पाहावे लागते.

पत्रकावर कधीच नसणारा एक शब्द म्हणजे लेटन्सी, ज्याला मुले पिंग म्हणतात : आपण पाठवलेला संदेश समोरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. तो मिलिसेकंदात मोजतात. वेग भरपूर असूनही व्हिडिओ कॉलवर दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि मग दोघेही थांबतात, तेव्हा दोष बहुधा वेगाचा नसून या विलंबाचा, त्यातही त्याच्या सतत वरखाली होण्याचा असतो. फायबरवर हा विलंब कमी आणि दिवसभर जवळजवळ एकसारखा राहतो. मोबाइल टॉवरवरून येणाऱ्या जोडणीत तो मुळातच जास्त असतो, आणि संध्याकाळी टॉवरवरची गर्दी वाढली की आणखी हेलकावतो. फायबरही पूर्णपणे एकट्याचा नसतो, हेही सांगायला हवे. घरगुती फायबरच्या प्रचलित पद्धतीत सुमारे अडीच गिगाबिटची एक वाहिनी साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. तरी ही वाटणी मोजक्या घरांत असते, आणि टॉवरवर मात्र रस्त्यावरून जाणारा प्रत्येक फोन भागीदार असतो.

आता घरातल्या पेटीकडे वळू. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वाय-फाय ही घरातल्या घरातली बिनतारी जोडणी असते, इंटरनेट बाहेरून येते. फोनवर वाय-फायचे चिन्ह पूर्ण भरलेले आणि तरीही काहीच उघडत नाही, याचा अर्थ पेटी आणि फोन यांचे जमते आहे, बाहेरची तार बोलत नाही. फायबरच्या पेटीत दोन यंत्रे एकत्र असतात : प्रकाशाच्या संकेताचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे ओएनटी, ज्याला सवयीने मोडेम म्हटले जाते, आणि ती जोडणी घरातल्या सर्व उपकरणांत वाटणारा राउटर. पेटीवरचे दिवे एकदा नीट पाहून ठेवले की तक्रार करताना फार उपयोग होतो. पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर बाहेरची तार ठीक आहे; एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचत नाही, म्हणजे तार कुठेतरी तुटली, दुमडली किंवा सुटली आहे, आणि अशा वेळी ग्राहक सेवेच्या सांगण्यावरून पेटी दहा वेळा बंद-चालू करण्यात काही अर्थ नसतो. एअरफायबरमध्ये ओएनटीची जागा बाहेर लावलेले यंत्र घेते आणि आत राउटर तसाच राहतो. हॉटस्पॉटमध्ये फोनच या सर्व भूमिका करतो, म्हणून तो तापतो, त्याची बॅटरी भरभर उतरते, आणि फोनचा मालक बाजारात गेला की घरचे इंटरनेटही त्याच्याबरोबर बाजारात जाते.

ड्युअल बँड म्हणजे राउटर दोन वारंवारितांवर वाय-फाय देतो. २.४ गिगाहर्ट्झचा पल्ला लांब असतो आणि तो भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्याचा वेग कमी आणि शेजाऱ्यांच्या राउटरांशी त्याची टक्कर जास्त; ५ गिगाहर्ट्झ वेगवान असते, पण दोन भिंतींतच दमते. अनेक राउटर या दुसऱ्या वाय-फायच्या नावापुढे ‘५जी’ असे लिहितात आणि त्यामुळे घरात ५जी आले असा समज होतो. मोबाइलच्या ५जीशी, जे भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले, त्याचा काहीही संबंध नाही. जाड दगडी भिंतींच्या जुन्या वाड्यात किंवा मध्ये जिना असलेल्या दोन मजली घरात जास्त एमबीपीएसची योजना घेऊन आतल्या खोलीतला वेग वाढत नाही. त्यासाठी राउटर दाराजवळच्या कोपऱ्यातून घराच्या मध्यावर आणावा लागतो, नाहीतर लॅनची, म्हणजे यंत्रे एकमेकांना जोडणारी तार ओढून दुसरा राउटर बसवावा लागतो. तार टाकायला आलेला माणूस अंतर वाचवण्यासाठी पेटी दारामागेच ठोकायला निघतो. त्याला त्याच वेळी थांबवावे, कारण नंतर ती हलवायची म्हणजे पुन्हा तक्रार आणि बहुधा पुन्हा पैसे.

वीज गेल्यावर काय होते, हा आपल्याकडे रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पर्यायागणिक बदलते. मोठ्या कंपन्यांच्या फायबरमध्ये केंद्रापासून घरापर्यंतच्या वाटेवर वीज लागणारे यंत्र सहसा नसते, प्रकाश वाटणारे स्प्लिटर विजेविना काम करतात. त्यामुळे घरातल्या पेटीला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला की लोडशेडिंगमध्येही इंटरनेट चालू राहते. काही स्थानिक केबलवाले मात्र इमारतीच्या जिन्यात किंवा खांबावर विजेवर चालणारा स्विच, म्हणजे जोडणी अनेक घरांत वाटणारे यंत्र, बसवून तिथून पुढे साधी लॅनची तार देतात. तो स्विच बंद पडला की आपल्या यूपीएसचा काही उपयोग होत नाही. त्यांच्याकडून जोडणी घेताना फायबर थेट घरात येणार की जिन्यापर्यंतच, हे विचारावे. एअरफायबरला घरातली दोन्ही यंत्रे बॅकअपवर घ्यावी लागतात, आणि वीज फार वेळ गेली तर टॉवरची बॅटरी किती टिकते यावरही सगळे अवलंबून असते. पावसाळ्यात मात्र पारडे थोडे फिरते : खांबांवरून आणि झाडांमधून ओढलेली फायबरची तार वादळात तुटते व जोडायला दोन-तीन दिवसही लागू शकतात. एअरफायबरला तारच नसल्याने हा त्रास नाही.

खर्चात पहिल्या दोन पर्यायांत फार अंतर उरलेले नाही. ३० एमबीपीएसची ३९९ रुपयांची योजना घेतली तर १८ टक्के जीएसटी धरून हातात ४७१ रुपयांचे बिल येते; जाहिरातीत कर धरलेला नसतो. अनेक कंपन्या सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरल्यास बसवण्याचा खर्च माफ करतात. राउटर कंपनीच्या मालकीचा असेल, तर जोडणी बंद करताना तो परत करून पोचपावती घ्यावी लागते. हॉटस्पॉट वरवर फुकट वाटते, कारण रिचार्ज आपण करतच असतो. फक्त २८ दिवसांच्या रिचार्जचा महिना धरून चालणाऱ्याने वर्षाला बारा नव्हे, तर तेरा रिचार्ज मोजावेत.

मग कोणी काय घ्यावे? इमारतीत फायबर आलेला असेल, घरून काम किंवा शिकवणी चालत असेल, किंवा परदेशातल्या मुलांशी आई-वडिलांचे रोजचे व्हिडिओ कॉल असतील, तर फायबरच घ्यावा. यात मला दुसरा विचार करण्यासारखे काही दिसत नाही. भाड्याच्या खोलीत अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा, एक लॅपटॉप आणि एक फोन असलेला पुण्यातला विद्यार्थी हॉटस्पॉटवर निभावू शकतो, मात्र व्हिडिओ व्याख्याने रोज पाहायची असतील तर खोलीतल्या सर्वांनी मिळून एक जोडणी घेणे त्याला स्वस्त पडेल. एअरफायबर खरा उपयोगी पडतो तो जिथे तार पोचत नाही तिथे : शहराच्या कडेच्या नव्या वसाहतीत, गावाबाहेरच्या शेतघरात, किंवा सोसायटी नवी तार टाकू देत नाही अशा इमारतीत. कोकणातल्या डोंगरउतारावरच्या वाडीत मात्र टॉवर समोर दिसतो की मध्ये डोंगर आणि माडांची रांग येते, यावर सगळे ठरते. म्हणून तंत्रज्ञ येऊन गच्चीवर सिग्नल मोजून दाखवत नाही, तोवर आगाऊ रक्कम भरू नये.

कोणताही पर्याय ठरला, तरी त्याच कंपनीची जोडणी असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री नऊच्या सुमारास, म्हणजे सर्वाधिक गर्दीच्या वेळी, वेग तपासून पाहावा. सकाळी अकराची चाचणी कोणत्याही कंपनीची चांगलीच येते. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायचे मायस्पीड हे अ‍ॅप त्यासाठी पुरेसे आहे. चाचणी राउटरच्या खोलीत एकदा आणि आतल्या खोलीत एकदा करावी, म्हणजे उणीव जोडणीत आहे की भिंतींत, हे लगेच कळते. आणि घरात फायबर किंवा एअरफायबर आला, की सर्वांच्या फोनवरचे रोज दोन जीबीचे रिचार्ज चालू ठेवण्याचे कारण उरत नाही. बराचसा वेळ घरीच असणाऱ्यांना कमी डेटाची स्वस्त योजना पुरते, आणि त्या बचतीतून जोडणीच्या बिलाचा बराच भाग निघतो.